अडथळ्यांची शर्यत आणि मैदानावरचे गैरसमज

शाळेच्या क्रीडामहोत्सवात अडथळ्यांची शर्यत तुम्ही कधी ना कधी धावला असाल. दोरीखालून सरपटायचे, पोत्यात पाय घालून उड्या मारायच्या, बाकावरून तोल सावरत चालायचे आणि शेवटी धूम ठोकायची. या शर्यतीची मोठी भावंडे जगात बरीच आहेत. ऑलिंपिकमधील ३००० मीटर स्टीपलचेस हे त्यांपैकी एक. तीत धावपटूला २८ वेळा अडथळा आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. पुरुषांच्या शर्यतीतील अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच आणि चांगला वजनदार असतो. पाय अडकला तर अडथळा पडत नाही, धावणारा पडतो! आपल्या मराठवाड्यातला, बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत हीच शर्यत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत धावून दुसरा आला. १९९८ पासून या शर्यतीची तिन्ही पदके केनियाचे धावपटू नेत होते. त्यांच्या रांगेत पहिल्यांदा शिरला तो हा सैनिक.

हिंगोली जिल्ह्यातील मुलामुलींना अडथळे ओलांडण्याची ओढ मात्र पदकासाठी नसते, नोकरीसाठी असते. निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी जुन्या काळी हिंगोलीलाच होती. आज तेथे राज्य राखीव पोलीस दलाचा बारावा गट आहे. सैन्याच्या भरतीत १.६ किलोमीटर धावणे, आडव्या दांड्याला लोंबकळून हनुवटी वर नेणे, नऊ फुटांचा खड्डा उडी मारून पार करणे आणि नागमोडी पट्टीवरून तोल न जाऊ देता चालणे, अशी परीक्षा असते. पोलीस शिपाई होण्यासाठी मुलांना १६०० व मुलींना ८०० मीटर धावावे लागते. राखीव दलासाठी हेच अंतर ५ किलोमीटर होते. म्हणून पहाटे सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत यांपैकी कोणत्याही रस्त्याला लागा, अंधारात धपधप पावले टाकणारी मुले दिसतील. कदाचित तुमचा दादा किंवा ताई त्यांत असेल. तीन-चार वर्षांनी तुम्हीही असाल.

या मुलांच्या कानांवर सल्ल्यांचा पाऊस पडत असतो. ‘प्लास्टिकचा कोट घालून पळ, चरबी वितळते.’ ‘पळताना पाणी प्यायचे नाही.’ ‘कच्ची अंडी गिळ.’ ‘पाय दुखतात ना? आम्ल साचलेय, अजून पळ म्हणजे निघून जाईल.’ ‘पोरींचे काम नव्हे ते.’ सल्ला देणारा बहुधा मनापासून देतो. काही सल्ले नुसतेच निरुपयोगी असतात, काही मात्र जिवावर बेतणारे असतात. ते वेगळे कसे करायचे? मोजून! याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे गुरुत्वलहरी टिपणारी लायगो-इंडिया ही प्रयोगशाळा उभी राहत आहे. तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असतील आणि ती अणूच्या केंद्रकापेक्षाही लहान हालचाल मोजेल. आपल्याला एवढे नको. एक वजनकाटा, एक घड्याळ आणि पाचवी-सहावीचे गणित पुरे.

घाम म्हणजे चरबी का?

सकाळी धावण्यापूर्वी दादाला वजनकाट्यावर उभे करा. तासभर धावून आल्यावर अंग पुसून, कोरडे कपडे घालून पुन्हा वजन करा. उन्हाळ्यात ते सहज एक किलोने उतरलेले दिसेल. दादा खूश! पण त्याला दोन-तीन तांबे पाणी पिऊ द्या आणि थोड्या वेळाने पुन्हा काट्यावर उभे करा. गेलेला किलो परत आलेला असेल. म्हणजे जे गेले ते पाणी होते.

मग चरबी किती गेली? धावताना दर किलोग्रॅम वजनामागे दर किलोमीटरला सुमारे १ किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. दादाचे वजन ६० किलो असेल, तर एका किलोमीटरला ६० किलोकॅलरी. शरीरातील एक किलो चरबीत सुमारे ७७०० किलोकॅलरी साठवलेल्या असतात. भागाकार करा. उत्तर १२८ किलोमीटर येते, हिंगोली ते नांदेड अंतरापेक्षाही जास्त! एका सकाळी किलोभर चरबी जाणे शक्य नाही हे आलेच. आणि ती जाते तेव्हा घामावाटे जातच नाही. रुबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन या ऑस्ट्रेलियातील दोघांनी २०१४ साली हा हिशोब मांडला. १० किलो चरबी जळली, तर तिच्यातील ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते आणि उरलेल्या १.६ किलोचे पाणी होते. चरबी आपण बव्हंशी नाकातोंडाने बाहेर टाकतो. पोटावरची चरबी घालवण्यासाठी नुसत्या बैठका-उठका काढणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे. चरबी रक्तातून सगळ्या शरीराला पुरवली जाते. ज्या भागाचा व्यायाम, त्याच भागाची चरबी, असा नियम नाही.

आता त्या प्लास्टिकच्या कोटाकडे वळू. हा गैरसमज मला सर्वांत धोक्याचा वाटतो, म्हणून थोडा वेळ घेतो.

स्नायू हे एक इंजिन आहे आणि इतर इंजिनांसारखेच ते बरेच तापते. खर्च झालेल्या ऊर्जेपैकी सुमारे तीन-चतुर्थांश भागाची उष्णता होते. ५ किलोमीटर धावताना दादाच्या ३०० किलोकॅलरी खर्च झाल्या, तर त्यांतील सुमारे २२५ उष्णतेच्या रूपाने अंगात राहिल्या. एक किलो शरीर एक अंशाने तापायला साधारण ०.८३ किलोकॅलरी लागतात. म्हणजे ६० किलोच्या शरीराला ५०. ही सगळी उष्णता अंगातच कोंडली तर? २२५ भागिले ५०, साडेचार अंश! ३७ अंशांचे शरीर २५-३० मिनिटांत ४१ अंशांच्या पलीकडे जाईल. ४० अंशांपुढे मेंदू, यकृत आणि मूत्रपिंडे यांना इजा होऊ लागते. असे प्रत्यक्षात सहसा घडत नाही, याचे श्रेय घामाला. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता उचलून नेतो. मात्र तो वाळला पाहिजे. नुसता गळून पडलेला घाम काही उपयोगाचा नाही. माठावर ओले फडके गुंडाळले की पाणी गार होते, पण त्याच माठाला प्लास्टिकमध्ये बांधून ठेवा बरे! कोट घालून धावणारा मुलगा नेमके हेच करतो. घाम भरपूर येतो, कारण तो वाळत नाही.

दमट हवा हाही एक न दिसणारा प्लास्टिकचा कोटच आहे. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या वेळी ५ किलोमीटर धावल्यानंतर काही उमेदवारांचे प्राण गेले. त्यानंतर भरतीच्या वेळा आणि मैदानावरची व्यवस्था यांवर राज्यभर बोलले गेले. आपल्याकडचा एप्रिल-मे कोरडा असतो, घाम वाळतो हे खरे. पण ४० अंशांवरच्या हवेत बाहेरचीच उष्णता अंगात शिरू लागते. म्हणून पहाटेची वेळ उत्तम. उन्हात धावणे भागच असेल तर शरीराला सवय लावावी लागते. रोज थोडे थोडे केल्यास दहा-चौदा दिवसांत घाम लवकर सुटू लागतो, त्यातील मीठ कमी होते, रक्तातील द्रव वाढतो. शहरातून सुट्टीला गावी आलेल्या मुलाने पहिल्याच दिवशी गावच्या मुलांच्या बरोबरीने दुपारी धावू नये, ते याचसाठी.

पाणी न पिण्याचा सल्ला यातूनच निकालात निघतो. तहान लागेल तसे प्यावे. पण बळेबळे लिटरच्या लिटर पिणेही वाईट. त्याने रक्तातील सोडियम पातळ होते आणि तेही जीवघेणे ठरू शकते. तहान हे बरेच भरवशाचे यंत्र आहे.

आणि मैदानावर कोणी अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, कोसळला, तर? कांदा हुंगवण्यात किंवा चामड्याची चप्पल नाकाशी धरण्यात एक मिनिटही घालवू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, टॉवेलने, पुठ्ठ्याने वारा घाला, बर्फ मिळाला तर मानेला आणि काखेत लावा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. एकाने १०८ ला फोन लावायचा, बाकीच्यांनी गार करत राहायचे. रुग्णवाहिका येईपर्यंतची ही मिनिटेच मोलाची असतात. शिक्षकांनी मैदानावर दोन भरलेल्या बादल्या ठेवायला हव्यात, असे मला वाटते. शिट्टीइतक्याच त्या आवश्यक आहेत.

कच्ची अंडी आणि ग्लुकोजची पुडी

अंड्याचा प्रश्न बेल्जियममधील संशोधकांनी १९९८ साली सोडवला. शिजवलेल्या अंड्यातील सुमारे ९० टक्के प्रथिने शरीरात शोषली गेली, कच्च्या अंड्यातील जेमतेम ५० टक्के. म्हणजे चार कच्ची अंडी गिळणारा दोन अंड्यांहून थोडेसेच अधिक मिळवतो, वर साल्मोनेला जंतूंचा धोका पत्करतो. उकडून खावीत. जो अंडी खात नाही त्याचेही अडत नाही. शेंगदाण्यात सुमारे २५ टक्के, तुरीत २२ टक्के आणि आपल्या जिल्ह्यात शेतोशेत पिकणाऱ्या सोयाबीनमध्ये ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. सोयाबीन मात्र नीट शिजवून किंवा भाजून खावे, कच्चे पचत नाही. भाकरी, वरण, मूठभर शेंगदाणे आणि गूळ हा आहार डब्यातल्या महागड्या भुकटीपुढे मुळीच कमी नाही.

शर्यतीआधी ग्लुकोजची पुडी जिभेवर रिकामी करणारे तर सगळीकडे दिसतात. पुन्हा गणित करू. १६०० मीटर धावायला दादाला ६० गुणिले १.६, म्हणजे ९६ किलोकॅलरी लागतील. सर्व ऊर्जा कर्बोदकांतून आली असे धरले तरी २४ ग्रॅम. स्नायू आणि यकृत मिळून ४०० ते ५०० ग्रॅम कर्बोदकांचा साठा आधीच बाळगून असतात. भरल्या रांजणात चमचाभर पाणी ओतल्याने काय होणार? सहा मिनिटांच्या शर्यतीत दमणारा माणूस साखर संपली म्हणून दमत नाही. हृदय व फुप्फुसे पुरेसा प्राणवायू पोचवू शकत नाहीत म्हणून दमतो, आणि ती क्षमता पुडीने नव्हे, महिनोन् महिने धावण्याने वाढते.

‘पोरींचे काम नव्हे’

हा गैरसमज साधासुधा नाही, त्याने ऑलिंपिकचे नियम बदलले! १९२८ साली ॲम्स्टरडॅमला स्त्रियांची ८०० मीटर शर्यत प्रथमच झाली. शर्यतीनंतर काही जणी दमून मैदानावर आडव्या झाल्या. पुरुषही शर्यत संपल्यावर आडवे होतातच, पण वर्तमानपत्रांनी बायकांना हे झेपत नाही असे रंगवले आणि ही शर्यत १९६० पर्यंत बंद राहिली. स्त्रियांची स्टीपलचेस ऑलिंपिकमध्ये यायला तर २००८ साल उजाडले. त्यानंतर आठच वर्षांनी, २०१६ साली रिओ येथे, सातारा जिल्ह्यातील मोही गावची ललिता बाबर या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. धावण्याच्या शर्यतीत ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारी १९८४ च्या पी. टी. उषानंतरची ती पहिली भारतीय स्त्री.

मग वर्गातल्या काही मुलींना खरोखरच लवकर धाप लागते, त्याचे काय? कारण बहुधा रक्तात सापडते. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचे आढळले. हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. वाहतुकीच्या गाड्याच कमी असतील तर माल वेळेवर कसा पोचणार? अशा मुलीला ‘तुझ्याने होत नाही’ म्हणणे म्हणजे रोगाला स्वभाव म्हणणे होय. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी फेकून देऊ नका. ती जेवणानंतर घ्यावी, बरोबर चहा घेऊ नये, कारण चहा लोह शोषू देत नाही. लिंबू मात्र मदत करते. मासिक पाळीच्या दिवसांत धावले तर अपाय होतो, हेही खरे नाही. बरे वाटत असेल तर धावावे, नसेल तर विसावा घ्यावा. वजने उचलल्याने उंची खुंटते, ही मुलामुलींना सारखीच घातली जाणारी भीतीही निराधार आहे. वजन हळूहळू वाढवावे आणि कोणी जाणकार समोर असावा, एवढेच पथ्य.

पाय दुखतात ते कशाने?

आता ज्याच्यावर जवळजवळ सगळ्यांचा विश्वास असतो, प्रशिक्षकांचाही, त्या समजाकडे येऊ. पहिल्या दिवशी जोरात सराव केला, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. ‘स्नायूंत दुग्धाम्ल साचले,’ असे उत्तर मिळते.

या समजाला इतिहास आहे. स्वीडनच्या बर्झेलियसला एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शिकारीत धावून धावून मेलेल्या हरणांच्या स्नायूंत हे आम्ल सापडले. पुढे ऑटो मायरहॉफ आणि ए. व्ही. हिल यांनी स्नायूंच्या रसायनाचा अभ्यास केला आणि १९२२ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. आम्ल आणि थकवा यांची जोडी तेव्हापासून डोक्यात घट्ट बसली. पण वेळ तपासून पाहा. जोरात धावल्यावर रक्तात वाढलेले हे द्रव्य साधारण तासाभरात पूर्वपदावर येते. हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरून टाकतात. दुखणे मात्र शिगेला पोचते एक ते तीन दिवसांनी. चोरी बुधवारी झाली आणि संशयित सोमवारीच गाव सोडून गेला होता, तर त्याला पकडून काय उपयोग?

१९८३ साली अमेरिकेत याची सरळ परीक्षा घेतली गेली. काही जणांना सपाटीवर धावायला लावले, काहींना उतारावर. सपाटीवर धावणाऱ्यांच्या रक्तात आम्ल वाढले, पण पाय दुखले नाहीत. उतारावर धावणाऱ्यांच्या रक्तात ते वाढले नाही, आणि त्यांचेच पाय दुखले! उतरताना किंवा उडी मारून जमिनीवर पडताना मांडीचा स्नायू आखडण्याचा जोर लावत असतो आणि त्याच वेळी ताणला जात असतो. या ओढाताणीत त्याच्या सूक्ष्म तंतूंना इजा होते, मग तेथे दुरुस्तीचे काम सुरू होते, थोडी सूज येते आणि दुखू लागते. अडथळ्यांच्या शर्यतीत पाय दुखतात ते उडीने कमी आणि उडीनंतरच्या जमिनीने जास्त. साबळेच्या एका शर्यतीत अशी ३५ वेळा जमीन येते.

मग धावण्याआधी अंग ताणले तर? ऑस्ट्रेलियाच्या लष्करात १५३८ नव्या जवानांवर हे पाहिले गेले आणि २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. बारा आठवडे निम्म्यांनी सरावापूर्वी पायांचे स्नायू ताणले, निम्म्यांनी नाही. दुखापतींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. दहा मिनिटे हळू धावून अंग गरम करणे चांगले, पण एका जागी उभे राहून ताण देत बसणे म्हणजे दुखापतीवरचा विमा नव्हे.

‘दुखतेय तर अजून पळ’ हा सल्ला म्हणूनच उलटा आहे. हलके चालल्याने बरे वाटते, ते करावे. पण दुरुस्ती चालू असताना पुन्हा घाव घालू नये. भरतीची जाहिरात आल्यावर पंधरा दिवसांत सगळे उरकू पाहणारी मुले येथेच फसतात. पहिल्याच दिवशी शेकडो उठाबशा काढल्यावर मांड्या सुजल्या आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर तडक दवाखाना गाठावा. फुटलेल्या स्नायूंतील द्रव्य मूत्रपिंडात अडकत असते. हे क्वचितच घडते, पण घडते.

दिलासा देणारी गोष्ट अशी की स्नायूंना आठवण असते. एकदा थोडेसे दुखले की पुढचे काही आठवडे तेवढ्याच श्रमाने ते तितके दुखत नाहीत. खड्ड्यावरून उडी मारण्याचा सराव पहिल्या दिवशी आठ-दहा उड्यांवर थांबवावा, दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत, मग वाढवावा.

हे करून पाहा. गुडघ्याला काही त्रास नसेल तर घराचा फूटभर उंचीचा ओटा किंवा पायरी निवडा. उजवा पाय वर ठेवून चढा, मग डावा वर आणा. उतरताना पुन्हा उजवाच पाय आधी खाली टाका. म्हणजे चढवण्याचे काम सदैव उजव्या मांडीकडे आणि अंग सावकाश खाली सोडण्याचे काम डाव्या मांडीकडे राहील. दहा मिनिटे करा. संपल्यावर कोणता पाय जास्त दमला ते वहीत लिहा, आणि दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी कोणता दुखला तेही. दोन आठवड्यांनी तोच प्रयोग पुन्हा तसाच करा. नंतर एकदा पाय बदलून करा. या तिसऱ्या वेळी कोणती मांडी दुखेल, ते पायरी चढण्यापूर्वीच वहीत लिहून ठेवा.